शाल मला

नववी ब चे गणिताचे मार्क भरता भरता कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर मेमरी संपल्याची ओळ उमटली आणि सावनीचं बोट तसंच बटणावर राहिलं. खाली हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवर कुणीतरी रिक्षाचा भोंगा दाबून धरला होता. स्टाफरूमचा पंखा एप्रिलची गरम हवा इकडून तिकडे सरकवत होता. असं व्हायला नको होतं. या यंत्रात काय काय आहे ते तिला पाठ होतं, कारण त्यातले निम्मे प्रोग्रॅम तिनंच लिहिले होते. आणि ते सगळं धरूनही एका वर्गाचे मार्क मावतील एवढी जागा त्यात नक्की होती. तिनं मेमरीचं पान उघडलं आणि खाली खाली जात राहिली. शेवटी तिला माहीत नसलेल्या याद्या दिसल्या, एकीखाली एक, नुसत्या आकड्यांच्या. नवऱ्याच्या, श्रीहर्षच्या कॉलेजचं काही असेल. रिझल्टचं काम संपेपर्यंत ठेव म्हणून त्यानं आठवड्यापूर्वी यंत्र तिच्या हातात दिलं होतं. एखादी यादी पुसली तर काम भागेल म्हणून तिचं बोट पुसायच्या बटणाकडे गेलं, आणि मग, का कोण जाणे, तिनं ती आधी उघडली. दहा, चौदा, शून्य, बावीस. तिनं दुसरी उघडली. दहा, चौदा, शून्य, बावीस. पुढचे आकडे वेगळे होते, पण सुरुवात सगळ्यांची तीच, आणि कुठंही पंचविसाच्या वर एकही आकडा नव्हता. शून्य ते पंचवीस म्हणजे सव्वीस, आणि इंग्रजी अक्षरंही सव्वीस. हे मार्क नव्हते. हे कुणीतरी कुणाला तरी बोललेलं होतं.

दारात शिपाई गणपत उभा होता. "बाई, हेडबाई रिझल्ट मागायलेत."

"देते," सावनी म्हणाली. "हातानं करून देते."

तिनं सरासरी कागदावर काढली. बेरजा करताना आपल्याला धक्का बसलाय का, हे ती जरा लांबूनच पाहत होती, दुसऱ्याच्या अंगावरचा ताप बघावा तसं. आकडे नीट जमत होते. नवऱ्याच्या यंत्रात त्यानं कुणाला तरी लपवून लिहिलेलं सापडलं तर बाईला काय वाटतं, हे तिला ठाऊक होतं. कथांमधून, शेजारणींकडून ठाऊक होतं. त्यातलं काही वाटत नव्हतं. गेलं वर्षभर तिला काहीच वाटत नव्हतं.

हे आलेख काढणारं यंत्र त्यांच्या लग्नाच्या वर्षी श्रीहर्षच्या थोरल्या भावानं अमेरिकेतून आणलं होतं. श्रीहर्ष हुबळीच्या एका कॉलेजात गणित शिकवायचा. आलेख तर तो हातानंही काढू शकायचा, पण यंत्रात स्वतःचे प्रोग्रॅम लिहिता येतात हे कळल्यावर तो चार दिवस जेवताना बोललाच नाही. धारवाडला मळमड्डीतलं त्यांचं भाड्याचं घर म्हणजे पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर आणि परस. मधल्या खोलीचे फळ्यांच्या पार्टिशननं दोन भाग केले होते आणि फळ्या छतापर्यंत पोचत नव्हत्या. पलीकडे अण्णा, म्हणजे तिचे सासरे, कानडी बातम्या ऐकत. सासूबाईंना घरात सगळेच अक्का म्हणत, त्यांनी कूस बदललेलीही फळ्यांच्या अलीकडे कळायची. नव्या लग्नाच्या त्या दिवसांत दोघांनी हळूहळू कुजबुजणंसुद्धा सोडून दिलं. मग एका संध्याकाळी ती गवारीच्या शेंगा मोडत असताना त्यानं यंत्र तिच्यापुढं ठेवलं. पडद्यावर अर्थ नसलेली अक्षरं होती. "तीननं मागं जा," एवढंच म्हणून तो पाय धुवायला गेला. तिनं शेंगा मोडता मोडता प्रत्येक अक्षर तीन घरं मागं नेलं. उद्या सिनेमाला जाऊ. मराठी, पण इंग्रजी अक्षरांत, कारण यंत्राला दुसरी अक्षरं येत नव्हती. अक्कांनी चुलीकडून विचारलं, "मार्कं घालायलास का रे तिच्याकडून?" आणि तो परसातून "हो" म्हणाला. ती खाली मान घालून हसली होती. हसताना गाल ताणले जातात, ती जाणीव तिला आठवत होती. त्यामागचं बाकीचं आठवत नव्हतं.

त्यानंतर यंत्र रेडिओवर पडून असायचं, कुणालाही दिसेल असं, आणि ती दोघं येता जाता त्यात बोलायची. तोंडानं ती त्याला अहो म्हणायची. यंत्रात एकेक अक्षर शोधून दाबावं लागे, तुम्ही लिहायला पाच आणि तू लिहायला दोन. म्हणून नुसत्या आळसानं तिनं एकदा तू लिहिलं आणि मग यंत्रातला तो कायमचा तू झाला. पुढं पुढं खोलीतलं दार लावल्यावरही. तो अंतर बदलत राहायचा, तीन नाही तर अकरा, अकरा नाही तर सात, आणि ते तिला सांगायचा नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिनं ते फोडणारा प्रोग्रॅम लिहिला. इंग्रजीत सगळ्यांत जास्त वेळा E येतो असं तिनं कुठंतरी वाचलं होतं, म्हणून तिनं सर्वांत जास्त आलेल्या अक्षराला E समजायला यंत्राला सांगितलं, आणि यंत्रानं कचरा बाहेर टाकला. दोन दुपारी ती त्या कचऱ्याकडे बघत बसली. मग अक्का शेजारच्या सोनाबाईंशी बोलत होत्या ते ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं. भात, ताक, काय, नाही, माझा, तुझा. आपण ते इंग्रजीत लिहितो तेव्हा सगळीकडे A असतो. ऱ्हस्वालाही तो, दीर्घालाही तो. E ला इथं कुणी विचारत नाही. तिनं E च्या जागी A बसवला आणि त्याचं वाक्य सरळ उभं राहिलं. श्रीहर्षनं तिला शह द्यायला मध्येच कानडी शब्द घालायला सुरुवात केली. मग कानडीतल्या उकारांमुळं U वाढायचा आणि तेवढ्यावरून तिला कळायचं की आज स्वारी कानडीत आहे. शेवटी त्यानं पक्कं कुलूप आणलं. एक शब्द मनाशी धरायचा, आणि त्यातली अक्षरं पाळीपाळीनं वापरून मजकुराचं प्रत्येक अक्षर निरनिराळ्या अंतरानं ढकलायचं. शब्द दोघांना माहीत असेल तरच उघडणार. "हे नाही फुटायचं तुला," तो म्हणाला होता. फुटेल, असं तिला वाटलं होतं. शब्द किती अक्षरांचा आहे ते सापडलं की मजकुराचे तेवढे ढीग करायचे, आणि प्रत्येक ढिगात जे अक्षर सगळ्यांत जास्त, तो वेष पालटलेला A. ते तिनं अर्धंअधिक लिहूनही काढलं. मग दिवस राहिले, वास सहन होईनासे झाले, आणि ते तिथंच राहिलं.

आठव्या महिन्याच्या शेवटी तिचे पाय सुजले. एका दुपारी भिंतीवरचं कॅलेंडर दुहेरी दिसायला लागलं आणि त्यापुढचं तिला आठवत नव्हतं. झटके आले, हुबळीच्या दवाखान्यात नेलं, पोट कापून मूल काढलं, हे सगळं तिला पुढं सांगितलं गेलं, आणि तेही वाक्यावाक्यानं, वेगवेगळ्या माणसांकडून. ती शुद्धीवर आली तेव्हा मुलगी येऊन गेलेली होती. तीन दिवस होती. वेगळ्या मजल्यावर होती. श्रीहर्ष आणि त्याचा मामेभाऊ तिला घेऊन गेले आणि पुरून आले. बाराव्या दिवसापर्यंत ती राहिलीच नाही, त्यामुळं बारसं नाही, नाव नाही, सुतक कुणी किती धरायचं यावर अण्णा आणि भटजींचं हलक्या आवाजात बोलणं तेवढं झालं. घरी आल्यावर सावनीला दूध आलं. अक्कांनी मल्लिगेची, म्हणजे मोगऱ्याची फुलं आणून ती दाबून तिच्या छातीवर जुन्या पातळाच्या पट्टीनं घट्ट बांधली. त्यानं दूध आटतं म्हणे. रोज सकाळी ताजी फुलं. कोमेजलेली, कढत झालेली फुलं अक्का काढून परसात नेत आणि काही न बोलता नवी बांधत. उकाड्यात तो वास अंगभर पसरायचा, लग्नघरासारखा. पाचव्या सहाव्या दिवशी दूध आटलं. त्याच्याबरोबर आणखीही काही आटलं असावं, कारण त्यानंतर तिला चव लागेना, कुणाचा राग येईना, पावसात भिजलं तर भिजलंय एवढंच कळे. रडू नकोस, असं भेटायला आलेल्या बायका म्हणत, तेव्हा ती त्यांच्याकडे पाहत राही. ती रडत नव्हतीच. पुढं बायका यायच्या थांबल्या. घरात तो विषय कुणी काढला नाही. कुणी मना केलं होतं असं नाही. पण अडगळीची जागा असते तशी ती एक जागा प्रत्येकाच्या बोलण्यात तयार झाली आणि सगळे तिला वळसा घालून जायला शिकले. श्रीहर्ष तर सगळ्यांत आधी शिकला. तो संध्याकाळी यायचा, पाय धुवायचा, यंत्र घेऊन परसाच्या पायरीवर बसायचा. पेपर सेट करतो म्हणायचा. रेडिओवर ते यंत्र पुन्हा तिच्यासाठी कधी ठेवलं गेलं नाही, आणि तिलाही ते जाणवलं नाही. जूनमध्ये ती शाळेत परत रुजू झाली.

गणपतला रिझल्ट देऊन सावनी पुन्हा स्टाफरूममध्ये बसली. मुलं नव्हती, तास नव्हते. तिनं आपला अर्धवट प्रोग्रॅम उघडला. इतक्या महिन्यांनी वाचताना तो दुसऱ्या कुठल्यातरी बाईनं लिहिल्यासारखा वाटला. हुशार, थोड्या उतावळ्या बाईनं. ती बाई कुठं निघाली होती ते सावनीला कळत होतं. भरलेले मार्क पुसून तिनं जागा केली आणि उरलेल्या ओळी सावकाश भरल्या. सगळ्या याद्या एकामागून एक त्याच्या पुढ्यात टाकल्या, चालू केलं, आणि पडद्याच्या कोपऱ्यातली ती छोटी रेघ धावायला लागली. यंत्र हळू होतं. ते तसंच पिशवीत ठेवून ती धारवाडच्या बसमध्ये चढली. खिडकीजवळ जागा मिळाली. उणकलच्या तळ्याचं पाणी आटून कडेला चिखलाचा पट्टा दिसत होता. कुणी बाई असेल, असा विचार तिनं करून पाहिला. कॉलेजात एक नवी लेक्चरर आली होती, तिच्याकडेही असलं यंत्र असेल. ती विचार करत होती आणि तो विचार बसच्या पत्र्यावर हात ठेवावा तसा बाहेरूनच लागत होता. नवनगर गेलं, सत्तूर गेलं. नवलूरच्या अलीकडे तिनं पिशवीत हात घालून पाहिलं तेव्हा रेघ थांबली होती.

शब्द आठ अक्षरांचा होता. ढिगांमागून ढीग, प्रत्येकातला लपलेला A यंत्रानं शोधून काढला होता, आणि ती बटण दाबेल तसं एकेक अक्षर पुढं येत होतं. S. H. A. शाळा असेल, असं तिला वाटलं. मग L आलं, मग M, आणि पुन्हा A. L. A. शाल मला. तिनं ते मनात दोनदा वाचलं. शाल मला. मला शाल कशाला, एप्रिलमध्ये? मग बस एका खड्ड्यातून गेली आणि अक्षरं जवळ आली. शाल्मला. धारवाडच्या टोकाला उगम पावणारी नदी. इथं उडी मारून ओलांडता येईल एवढीच, पुढं कुठं कुठं जाते ती. त्यानं नदीचं नाव कुलूप म्हणून वापरलं होतं. इतकंच. तिनं पहिली यादी उघडून मजकूर वाचायला सुरुवात केली. यादीची सुरुवातही त्याच शब्दानं होती, कुणाला तरी हाक मारावी तशी. म्हणून सगळ्या याद्या सारख्या सुरू होत होत्या. अक्षरं एकमेकांना चिकटलेली, ती सावकाश तोडत गेली.

शाल्मला, आज तुझ्या आईनं दोन वाट्या ताक घेतलं.

बस नवलूरच्या स्टॉपवर थांबली, कुणी कोंबड्यांची पाटी घेऊन चढलं, कंडक्टर कानडीत ओरडला. तिनं पुढची यादी उघडली. शाल्मला, अक्कांचा गुडघा सुजलाय, तरी खाली बसून भाकरी करतात. शाल्मला, उणकलच्या तळ्यावर आज खूप बगळे होते. शाल्मला, तुझी आई आजपासून शाळेत जाते आहे, निळी साडी नेसली होती. शाल्मला, अण्णांचा रेडिओ बिघडला, घर फार शांत होतं, मग मी नीट केला. शाल्मला, आज काही झालं नाही. शाल्मला, आज आई हसली असं वाटलं. नक्की नाही.

ती वाचत राहिली आणि धारवाड आलं. सगळ्यांबरोबर ती उतरली, रिक्षा न करता मळमड्डीपर्यंत चालत गेली. आपण कधी हसलो होतो, हे ती आठवत होती. आठवलं नाही. पण कुणीतरी बघत होतं. ती वर्षभर जिथं कुणी नाही अशा जागी आहे असं तिला वाटत होतं, आणि तिथून हाताच्या अंतरावर पायरीवर बसून एक माणूस रोज बघत होता आणि बघितलेलं सांगत होता. तिला नाही. मुलीला. याचं वाईट वाटायला हवं की बरं, ते तिला ठरवता येईना.

श्रीहर्ष आला तेव्हा अजून उजेड होता. अण्णा फिरायला गेले होते. तो परसात पाय धूत असताना ती पायरीवर जाऊन बसली आणि यंत्र मध्ये ठेवलं.

"जागा नव्हती," ती म्हणाली.

"कशात?"

"यात. मार्क बसले नाहीत."

तो टॉवेलनं पाय पुसत राहिला, कोरडे झाल्यावरही. "पुसायचं होतंस काहीतरी."

"काय पुसू?"

त्यानं टॉवेल तारेवर टाकला, त्याची टोकं सारखी केली. मग तिच्याकडे पाठ ठेवूनच म्हणाला, "फोडलंस?"

"हो."

"किती वेळ लागला?"

"नवलूरपर्यंत."

"A मुळं," तो म्हणाला.

"A मुळं."

तो येऊन पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसला. "मला यंत्र दिलंस तेव्हा जागा उरणार नाही हे तुला माहीत नव्हतं?" तिनं विचारलं. तो जरा वेळ हाताची नखं बघत होता. "माहीत होतं बहुतेक," तो म्हणाला. आणि मग, वर्गात एखादी सिद्धता सांगावी तशा आवाजात, थांबत थांबत, "तिथं त्या माणसानं नाव विचारलं. पुरताना लिहून घेतात ना. मी म्हटलं, नाव नाही. त्यानं लिहिलं, स्त्री जातीचं मूल. स्कूटरवरून परत येताना सुचलं. नदी इथलीच आहे म्हणून, दुसरं काही नाही. मग त्याला सांगायला परत जाणार होतो. गेलो नाही."

"मी तिला दुसरंच म्हणते," सावनी म्हणाली.

हे आपण बोललो याचं तिलाच नवल वाटलं. ते तिनं स्वतःलाही कधी सांगितलं नव्हतं. आठवी ब मध्ये एक मुलगी होती, शेवटच्या बाकावरची, दात थोडे पुढं, कशालाही हसणारी. पोटात सातवा महिना असताना हजेरी घेता घेता सावनी त्या नावावर थांबली होती आणि ते तिनं मनातल्या मनात उचलून ठेवलं होतं. जूनमध्ये ती परत गेली तेव्हा तो वर्ग नववीत आला होता आणि तिच्याकडेच होता. रोज सकाळी क्रमानं ते नाव यायचं. रोज ती ते मोठ्यानं घ्यायची, आणि रोज मागून आवाज यायचा, हजर बाई. ती पुढच्या नावावर जायची. वर्षभर. आता सुट्टी लागली, आता जूनपर्यंत ते नाव घ्यायचं नाही, हे आज दुपारी स्टाफरूममध्ये कुठंतरी तिच्या मनात येऊन गेलं होतं.

"काय म्हणतेस?" श्रीहर्षनं विचारलं. मग त्यानं यंत्र तिच्याकडे सरकवलं. "यात लिही."

तिनं यंत्र घेतलं नाही.

"वेदश्री," ती म्हणाली.

आवाज ठरवला होता त्यापेक्षा मोठा आला, वर्गात येतो तसा. परसातल्या भिंतीवर आपटून परत आला. आत भाकरी थापायचा आवाज थांबला.

"कुणाला हाक मारलीस ग?" अक्कांनी विचारलं.

"कुणाला नाही, अक्का," श्रीहर्ष घाईनं म्हणाला.

"मुलीला," सावनी म्हणाली.

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. मग अक्का दारात आल्या. हाताला जोंधळ्याचं पीठ होतं, ते त्यांनी झटकलं नाही. त्यांनी दोघांकडे पाहिलं नाही, समोरच्या तारेवरच्या टॉवेलकडे पाहिलं, आणि गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, उंबऱ्यावरच बसल्या.

"केस फार होते तिला," त्या म्हणाल्या.

श्रीहर्षनं मान वर केली.

"मी टोपडं काढून बघितलं होतं. शेवटच्या दिवशी सकाळी. नर्स ओरडली माझ्यावर, वारं लागेल म्हणाली."

"माझ्याकडे दिली तेव्हा टोपडं होतं," श्रीहर्ष म्हणाला.

"हो की. मीच बांधलं परत." त्या बोटांवरचं वाळत चाललेलं पीठ बघत होत्या. "तुला सांगू नका म्हणाले होते सगळे, सावनी. जीवाला लागेल म्हणाले. म्हणून मग कुणालाच नाही सांगितलं."

सावनीनं त्यांच्याकडे पाहिलं. तिला काहीतरी विचारायचं होतं. काहीही विचारावंसं वाटून किती काळ झाला होता ते तिला सांगता आलं नसतं. प्रश्न आधी नुसताच येऊन थांबला, त्याला शब्द नव्हते, आणि मग होते.

"कुरळे?" तिनं विचारलं.

"छे. सरळ," अक्का म्हणाल्या. त्यांनी पिठाचं बोट हवेत जरासं फिरवलं, काहीतरी नीट आठवून घ्यावं तसं. "मागं मानेपाशी तेवढं एक वळण होतं."